प्रतिविष देऊनही मण्यारीचा रोगी व्हेंटिलेटरवर का राहतो?

पांदणवाट
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. पऱ्हाटीच्या डवरणीपासून हरभऱ्याच्या ओलितापर्यंत आमच्या भागात सर्पदंशाच्या बातम्या थांबत नाहीत. रोगी कुठे नेला, किती सलाईन लागल्या, खर्च किती आला, याची चर्चा पारावर तासन्‌तास चालते; विषाने शरीरात नेमके काय केले, हे मात्र कोणी विचारत नाही. माझा प्रश्न तेवढ्याचसाठी आहे.

नाग आणि मण्यार या दोघांचेही विष मुख्यतः नसा आणि स्नायू यांच्यातील संदेश तोडते. दोन्हींत पापण्या मिटतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास बंद पडतो. दोन्हींवर प्रतिविषही एकच दिले जाते. असे असताना नाग चावलेला मनुष्य वेळेत दवाखान्यात पोचला तर पुष्कळदा लवकर उठून बसतो, आणि मण्यार चावलेला मात्र प्रतिविष मिळूनही कितीतरी दिवस व्हेंटिलेटरवर का राहतो? शिवाय या विषांतील प्रथिनांवर जगभर जे संशोधन चालू आहे, त्यातील काही आमच्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचेल असे जाणकारांना वाटते का?

कापूसकोंड्या
सर, प्रश्न उत्तम आहे, पण आमच्याकडे पहिला प्रश्न वेगळा असतो: रात्री दोन वाजता गाडी कोणाची मागायची? दुसऱ्याची उत्तरे जाणकार देतीलच, मी वाचायला बसलो आहे.

प्रथिनपुराण
मी मूळचा वर्धा जिल्ह्यातील, सध्या जीवरसायनशास्त्रात काम करतो. उत्तर थोडे लांबेल.

मेंदूचा आदेश नसेतून विजेच्या लहरीसारखा येतो, पण नसेचे टोक स्नायूला चिकटलेले नसते. मध्ये अतिशय बारीक फट असते. टोकापर्यंत लहर आली की तेथे कॅल्शियम आत शिरते, सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेले ॲसिटिलकोलीन नावाचे निरोप्या रसायन फटीत सांडते आणि पलीकडे स्नायूवर निरोप घेण्यासाठी असलेल्या रिसेप्टरला जाऊन बसते. रिसेप्टर उघडतो, सोडियम आत जाते आणि स्नायू आखडतो. त्यानंतर कोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम उरलेले ॲसिटिलकोलीन ताबडतोब तोडून टाकते, म्हणून पुढच्या आदेशाला जागा मोकळी होते.

या साखळीतील कोणती कडी तुटते, यावर सगळे अवलंबून आहे. नागाच्या विषातील अल्फा न्यूरोटॉक्सिन (न्यूरोटॉक्सिन म्हणजे नसांच्या कामावर घाला घालणारे विष) ही साठ-सत्तर अमिनो आम्लांची लहान प्रथिने आहेत. ती स्नायूच्या बाजूच्या रिसेप्टरवर ॲसिटिलकोलीनच्या जागी जाऊन बसतात. नसेचे टोक शाबूत असते, निरोपही सुटत असतो, फक्त तो घेणारा अडलेला असतो. मण्यारीच्या विषात हीही प्रथिने आहेत, पण तिचे मुख्य हत्यार बीटा बंगारोटॉक्सिनच्या जातीचे आहे. ते दोन साखळ्यांचे प्रथिन असून त्यातील एक साखळी फॉस्फोलायपेज नावाचे एन्झाइम आहे. ते नसेच्या टोकाच्या आवरणातील स्निग्ध रेणू तोडते, पिशव्या रिकाम्या होतात आणि अखेरीस ते टोकच नष्ट होते.

शेतातल्या मोटारीवरून सांगायचे तर नागाच्या विषाने स्टार्टरच्या बटनात काडी अडकते. मण्यारीच्या विषाने केबलच जळते. काडी काढता येते. जळालेली केबल मात्र, गुन्हेगार पकडला म्हणून, पूर्ववत होत नाही. प्रतिविष रक्तात फिरणारे विष पकडते. झालेली मोडतोड ते दुरुस्त करू शकत नाही. नसेला नवे टोक फुटेपर्यंत थांबावे लागते, आणि तोवर श्वास यंत्राने द्यावा लागतो.

कापूसकोंड्या
म्हणजे लाइनमनची वाट पाहण्याशिवाय इलाज नाही! हे मात्र आमच्या चांगल्या अंगवळणी पडलेले आहे.

ग्रामीण_वैद्य
प्रथिनपुराण यांनी यंत्रणा नेमकी सांगितली आहे. मी अनेक वर्षे ग्रामीण रुग्णालयात काम केले आहे, तेव्हा खाटेजवळ काय दिसते ते लिहितो.

मण्यारीचा रोगी पुष्कळदा "साप चावला" म्हणून येतच नाही. तो पहाटे पोटदुखीची तक्रार घेऊन येतो. रात्री जमिनीवर झोपलेला असतो, दंश दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूण भिंगाने शोधूनही सापडत नाही. घरच्यांना पित्त वाटते, सोडा पाजला जातो. तासा-दोन तासांत तो म्हणू लागतो की डोळे उघडत नाहीत, घशात थुंकी अडकते, बोलणे जड झाले. अशा रोग्याला मी दोन गोष्टी करायला लावतो: उशीवरून मान उचलून धरणे, आणि एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणणे. दर अर्ध्या तासाने तो आकडा उतरत चालला, म्हणजे मघा तिसापर्यंत जाणारा आता बारावर थांबला, तर व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी हलवण्याची वेळ झाली, आणि वाटेत हाताने दाबायची श्वासाची पिशवी सोबत असलीच पाहिजे. पावसाळ्यात, पहाटेच्या वेळी, जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पोट दुखत असेल आणि पापण्या जड असतील, तर तो मण्यारीचा दंश धरूनच चालावे.

नागाच्या रोग्यात निओस्टिग्मिनचा उपयोग होतो. ते कोलिनेस्टरेजला अडवते, त्यामुळे फटीत ॲसिटिलकोलीन साठते आणि अडलेल्या रिसेप्टरांमधून वाट काढते. सोबत ॲट्रोपिन द्यावे लागते. पापण्या डोळ्यांदेखत वर येताना मी पाहिल्या आहेत. मण्यारीत त्याचा विशेष लाभ होत नाही, कारण मुळात ॲसिटिलकोलीन सोडणारे टोकच शिल्लक नसते.

आणि एक गोष्ट नातेवाइकांना आवर्जून सांगावी लागते. पूर्ण लकवा झालेल्या रोग्याच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात, त्या उजेडाला आकसत नाहीत, हात-पाय हलत नाहीत. पाहणाऱ्याला मेंदू गेला असे वाटते. प्रत्यक्षात तो शुद्धीवर असू शकतो आणि खाटेभोवती चाललेले बोलणे ऐकत असतो. विष मेंदूपर्यंत पोचत नाही, ते फक्त नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करते. म्हणून अशा रोग्याच्या उशाशी तेराव्याच्या खर्चाची चर्चा करू नये.

शेवटचा_बाक
वरच्या प्रतिसादातील शेवटचा परिच्छेद वाचून एक उलगडा झाला. "मेलेला माणूस बारी (साप उतरवण्याचा मंत्र) म्हणून उठवला" अशी गोष्ट आमच्या पंचक्रोशीत दर नागपंचमीला ऐकायला मिळते. त्यातले काही जण मेलेलेच नसावेत.

धुऱ्यावरचा_सर्पमित्र
शेवटचा_बाक यांच्याशी सहमत आहे, पण मांत्रिकाच्या यशाचे याहून मोठे कारण साधे आहे. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. अंगावर पांढरे पट्टे दिसले की लोक मण्यार म्हणतात. त्यातला निम्मा वेळ तो बिनविषारी कवड्या साप असतो. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरळ होतात. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीने येणारे असतात, मानेजवळ ते अस्पष्ट किंवा नसल्यासारखे असतात आणि पाठीच्या मधल्या ओळीतील खवले षटकोनी व मोठे असतात. कवड्या चावलेला कोणत्याही मंत्राने बरा होतो. शिवाय विषारी सापसुद्धा कधी कधी विष न सोडता चावतो. एरवी पान लागले, म्हणजे साप चावला, की आधी देवळात नेण्याची प्रथा आहे, आणि मण्यारीची लक्षणे उशिरा येत असल्यामुळे देवळात घालवलेले ते दोन-तीन तासच नेमके प्रतिविषाचे असतात.

जागलीला, म्हणजे रात्री शेत राखायला, जाणाऱ्यांनी जमिनीवर झोपू नये, खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी वापरावी, एवढे जरी गावाने पाळले तरी माझे निम्मे काम कमी होईल.

वैनगंगा
भंडारा जिल्ह्यातून लिहीत आहे. न्यूरोटॉक्सिन म्हटले की आमच्याकडे लाखोळीची डाळ आठवते. ती वर्षानुवर्षे मुख्य अन्न म्हणून खाल्ली की पाय ताठ होतात, असे म्हणून तिच्या विक्रीवर १९६१ साली बंदी आली होती. तिच्यातले विषही याच सांध्यावर काम करते का?

प्रथिनपुराण
नाही. लाखोळीतील ओडॅप हे प्रथिन नसून एकटे अमिनो आम्ल आहे. ते ग्लुटामेट या मेंदूतील निरोप्या रसायनाची नक्कल करते आणि त्याचा मारा मेंदूपासून पाठीच्या कण्यात उतरणाऱ्या नसांवर होतो. म्हणून त्यात स्नायू ढिले न पडता ताठर होतात. डाळ भिजवून पाणी टाकून दिले की त्याचे प्रमाण कमी होते, आणि मिश्र आहारात थोडी लाखोळी खाणाऱ्याला त्याचा त्रास सहसा होत नाही.

कापूसकोंड्या
मग बीटी कपाशीतले प्रथिन कुठे बसते? बोंडअळी मरते म्हणजे तिचाही श्वास कोंडतो का?

प्रथिनपुराण
कापूसकोंड्या भाऊ, तेही न्यूरोटॉक्सिन नाही. बीटी कपाशीतले क्राय नावाचे प्रथिन अळीच्या आतड्याच्या पेशींना भोके पाडते. नस आणि स्नायू यांच्या सांध्याशी तुमचा संबंध येतो तो फवारणीमुळे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फरस औषधे प्रथिने नसली तरी वर सांगितलेल्या कोलिनेस्टरेजलाच पकडतात. निओस्टिग्मिन त्याला काही तासांपुरते पकडते. ही औषधे ते जवळजवळ कायमचे निकामी करतात. मग ॲसिटिलकोलीन तुटतच नाही, स्नायू आधी फडफडतात आणि नंतर थकून बंद पडतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून जे मृत्यू झाले, त्यांनंतर हा विषय सर्वांनाच माहीत झाला. नागाचे विष निरोप पोचू देत नाही, आणि फवारणीचे औषध निरोप थांबू देत नाही.

ग्रामीण_वैद्य
यात भर घालतो. फवारणीतून विषबाधा झालेला रोगी पहिल्या दिवसानंतर सुधारल्यासारखा वाटतो, नातेवाईक सुट्टी मागू लागतात, आणि एक ते चार दिवसांच्या दरम्यान अचानक त्याला मान उचलता येत नाही व श्वास कमी पडू लागतो. म्हणून मान उचलण्याची परीक्षा आम्ही सापाच्या आणि फवारणीच्या, दोन्ही रोग्यांत करतो. घाईने घरी नेऊ नये.

संत्रा_बर्फी
मला एक कळत नाही. जे प्रथिन माणसाचा श्वास बंद पाडते, त्याचीच इंजेक्शने नागपुरात लोक पैसे मोजून कपाळात घेतात. बोटॉक्सही याच सांध्यावर काम करते ना?

प्रथिनपुराण
होय, अगदी याच सांध्यावर, पण आणखी निराळ्या जागी. बोट्युलिनम हे जिवाणूचे प्रथिन आहे. त्याची मोठी साखळी नसेच्या टोकाला धरून आत शिरते आणि लहान साखळी आत जाऊन ॲसिटिलकोलीनच्या पिशव्या आवरणाला जोडणारी प्रथिने कापते. टोक मरत नाही, पिशव्या भरलेल्या राहतात, फक्त रिकाम्या होत नाहीत. काही महिन्यांत जोडणी पुन्हा तयार होते, म्हणून कपाळावरच्या आठ्या परत येतात. त्याचा वैद्यकीय उपयोग तिरळेपणापासून सुरू झाला, अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि आज लकव्यानंतर आखडलेल्या हातासाठी किंवा सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या ताठ पायांसाठीही ते वापरतात.

त्याचाच सख्खा भाऊ धनुर्वाताचा. धनुर्वाताचे प्रथिन तसेच कापण्याचे काम करते, पण ते नसेतून वर चढून पाठीच्या कण्यात जाते आणि स्नायूंना आवर घालणाऱ्या नसांना गप्प करते. आवरच सुटल्यामुळे शरीर धनुष्यासारखे वाकते. कात्री एकच असताना एका ठिकाणी स्नायू लुळा पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी ताठतो, याचे मला आजही नवल वाटते. ही कात्री नेमके काय कापते, हे १९९२ मध्ये उलगडले आणि त्यातून पेशी आपल्या पिशव्या कशा रिकाम्या करतात हे समजायला मोठी मदत झाली. त्या विषयाला २०१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

शेवटचा_बाक
मुंगुसाचे काय? साप-मुंगुसाच्या लढतीत मुंगूस मुंगुसवेलीची मुळी खाऊन येते म्हणून वाचते, असे आजोबा सांगत.

धुऱ्यावरचा_सर्पमित्र
मुंगूस चपळतेने आणि ताठ उभ्या केलेल्या केसांमुळे वाचते. मी अनेकदा पाहिले आहे, मुळी खायला ते गेलेले पाहिलेले नाही.

प्रथिनपुराण
चपळता आहेच, पण त्याहून नेमके उत्तर प्रयोगशाळेत मिळाले आहे. मुंगुसाच्या स्नायूवरील रिसेप्टरमध्ये, जेथे नागाचे अल्फा टॉक्सिन बसते त्या जागेतील काही अमिनो आम्ले बदललेली आहेत आणि तेथे साखरेच्या रेणूंची एक साखळी चिकटलेली आहे. ॲसिटिलकोलीन लहान असल्यामुळे आत जाते, टॉक्सिन मात्र अडते. नागाच्या स्वतःच्या रिसेप्टरवरही असाच बंदोबस्त आहे, म्हणून स्वतःच्या विषाने तो मरत नाही.

रिकामा_रांजण
हे सगळे वाचायला छान आहे, पण मला थोडे कडवट बोलू द्या. रेणूंची नावे आणि नोबेलची यादी वाचून आमच्या तालुक्यातील माणूस वाचत नाही. माझ्या चुलतभावाला मण्यार चावली तेव्हा पहिल्या दवाखान्यात प्रतिविष होते, पण श्वास देणारे यंत्र नव्हते. दुसऱ्या ठिकाणी यंत्र होते, चालवणारा नव्हता. तो वाचला ते तिसऱ्या ठिकाणी. एका प्रथिनाच्या अभ्यासावर जो खर्च होतो त्यात किती व्हेंटिलेटर येतील, याचा हिशेब कोणी करत नाही.

पांदणवाट
रिकामा_रांजण, आपली व्यथा खरी आहे, आणि मूळ प्रश्नाचा दुसरा भाग तोच आहे. पण हे संशोधन मुळात परक्यांच्या हौसेखातर झाले, असे आपले म्हणणे असेल तर ते पटत नाही. जाणकारांनी यावर लिहावे.

प्रथिनपुराण
रिकामा_रांजण यांच्या बोलण्यातील यंत्र आणि माणूस यांची मागणी पूर्णपणे रास्त आहे. फक्त ती संशोधनाच्या विरोधात उभी करू नये, असे मला वाटते.

तैवानमध्ये चांग आणि ली या दोघांनी १९६३ मध्ये तेथील पट्टेरी मण्यारीच्या विषातून अल्फा आणि बीटा बंगारोटॉक्सिन वेगळे केले. आपल्या सरांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवसापासून सुरू होते. दोन विषे दोन बाजूंना काम करतात हे तेव्हाच दिसले. अल्फा टॉक्सिन रिसेप्टरला इतके घट्ट धरते की पुढे १९७० मध्ये शांजू यांनी त्याचाच गळ टाकून विद्युत ईल माशातून ॲसिटिलकोलीनचा रिसेप्टर बाहेर काढला. त्याच गळाने १९७३ मध्ये मायस्थेनिया ग्रेव्हिस या रोगात रोग्याच्या स्नायूंवर रिसेप्टर कमी झालेले असतात हे मोजता आले. त्या रोगाच्या माणसाच्या पापण्याही अशाच खाली येतात. सापाच्या विषाने एका वेगळ्याच आजाराचे निदान उजळले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता आपल्या देशापुरते. आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून तयार होते. विष घोड्याला थोडे थोडे टोचून त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी काढतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्याच्या १ मिलीने नागाचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी व्हावे, असे प्रमाण ठरलेले आहे. घोड्याची प्रथिने असल्यामुळे काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते, आणि विषातील लहान न्यूरोटॉक्सिनविरुद्ध घोडा फारशी प्रतिपिंडे बनवत नाही, ही त्यातली मूळ अडचण आहे. म्हणून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ आणि अमेरिकेतील स्क्रिप्स ही संशोधन संस्था यांनी मिळून २०२४ मध्ये नाग, मण्यार व आफ्रिकेतील मांबा या सापांच्या लांब साखळीच्या अल्फा टॉक्सिनवर चालणारे मानवी प्रतिपिंड जाहीर केले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील प्रथिनशास्त्रज्ञ डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर आराखडा करून घडवलेली छोटी प्रथिने याच कुळातील टॉक्सिनपासून उंदरांना वाचवतात असे दाखवले. ती जिवाणूंत वाढवता येतात आणि उष्णतेत टिकतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात ज्यांनी औषधांचा फ्रिज सांभाळला आहे, त्यांना शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व सांगायला नको.

पण दोन्ही कामे अल्फा टॉक्सिनपुरती आहेत आणि अजून रोग्यांपर्यंत आलेली नाहीत. मण्यारीच्या फॉस्फोलायपेजला ती हात लावत नाहीत. तेथे व्हॅरेस्प्लाडिब हे फॉस्फोलायपेजला अडवणारे, तोंडाने घेता येणारे औषध आशा दाखवते. त्याच्या चाचण्या भारतातही झाल्या आहेत. ते यशस्वी ठरले तर प्रवास सुरू होण्यापूर्वी गावातच देता येईल, आणि मण्यारीत प्रवासातला वेळच तर नसेच्या टोकांच्या मुळावर येतो.

रिकामा_रांजण
गावात देता येणारी गोळी असेल तर माझा संशोधनाला विरोध नाही. तोपर्यंत यंत्र चालवणारा माणूस द्या, हे म्हणणे मात्र मागे घेत नाही.

ग्रामीण_वैद्य
मागे घेऊही नका. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अभ्यास आहे. केंद्राने २०२४ मध्ये २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. तो कागदावरून उतरायचा असेल तर नव्या रेणूंआधी प्रशिक्षित हात लागतील. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण यासाठी मला जवळचे वाटते. लाल विंचवाचे टॉक्सिन नसांवरील सोडियमची दारे उघडी ठेवते, शरीरात ॲड्रेनालिनचे वादळ उठते आणि हृदय खचून फुप्फुसात पाणी भरते, हे ओळखून त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली आणि विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने खाली आले. प्रयोगशाळेतले ज्ञान आणि खेड्यातली खाट यांची गाठ अशीही पडते.

पांदणवाट
सर्वांचे आभार. मुलांना सांगण्यापूर्वी दोन शंका. लहान मुलाला प्रतिविष कमी द्यायचे का? आणि जळालेली केबल नवी आली की ताकद पूर्वीसारखी येते का?

ग्रामीण_वैद्य
मुलालाही मोठ्या माणसाइतकेच द्यायचे, कारण साप वजन पाहून विष सोडत नाही. सुरुवात साधारण १० कुप्यांनी होते, आणि नसांच्या विषात २० च्या पुढे जाण्यात अर्थ नाही असे मानतात. लकवा उतरला नाही म्हणून नातेवाईक आणखी कुप्यांचा आग्रह धरतात. तेथे वर दिलेले स्पष्टीकरण कामी येते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर समाधानकारक आहे. श्वास अखंड दिला गेला आणि मधल्या काळात फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला नाही, तर बहुतेकांची ताकद परत येते. पुन्हा नांगर धरणारे रोगी मी पाहिले आहेत. दंशाच्या वर दोरी मात्र आवळू नका, चिरा देऊ नका. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करतानाच "श्वासाची पिशवी असलेली गाडी पाठवा" असे सांगा.

कापूसकोंड्या
हे वाक्य आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेतो. रंगाचा खर्च माझा, अक्षर मात्र सरांच्या विद्यार्थ्यांचे हवे, माझे अक्षर डॉक्टरांसारखे आहे.